मातेराची दगडी घरे



खळ्यावरची रास उचलली, पोती शिवून झाली, की तळाशी जे उरते त्याला आपण मातेरे म्हणतो. माती, खडे, काडीकचरा आणि त्यात मिसळलेले थोडे दाणे. ते कोणी लगेच उकिरड्यावर टाकत नाही. घरातली जुनी बाई सूप घेऊन बसते आणि त्यातूनही पायली-दोन पायली दाणे काढून दाखवते. आज मातेऱ्यावरून सुरुवात करण्याचे कारण असे, की दक्षिण इटलीत ‘मातेरा’ नावाचे एक पुरातन गाव आहे. त्या नावाचा आपल्या शब्दाशी काही संबंध नाही. पण तिथल्या दगडी घरांची हकीकत ऐकली, तेव्हा मला खळ्यावरचे सूपच आठवले.

दोन वर्षांपूर्वी शेतीतील पाण्याच्या वापरावरील एका छोट्या प्रशिक्षणासाठी मला इटलीतील बारी या बंदराच्या शहरी जाण्याचा योग आला. मधल्या शनिवार-रविवारी सुट्टी होती. बरोबरची मंडळी समुद्रकिनारी गेली. मी अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीने मातेराला निघालो. निघताना धाकट्या मुलीने बजावले होते, “बाबा, नेहमीसारखे नुसते पिकांचे फोटो आणू नका. घरांचे आणा.” म्हणून मोबाईल पूर्ण चार्ज करून घेतला होता.

जुलै महिना होता. बारीपासून साठ-पासष्ट किलोमीटरची वाट. आधी ऑलिव्हच्या बागा लागल्या, मग गहू निघून गेलेली मोकळी शेते. बांधावर चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचून घातलेले गडगे होते. आपल्या कोकणातला माणूस ते पाहून नक्की म्हणाला असता, की इथे आमचाच कोणी पाहुणा येऊन गेलेला दिसतो.

मातेरा वसले आहे ग्राविना नावाच्या ओढ्याच्या खोल दरीच्या काठावर. दरीच्या उतारावर जो जुना भाग आहे त्याला ‘सास्सी’ म्हणतात. सास्सी म्हणजे दगड. दोन मोठ्या वस्त्या आणि मधल्या उंचवट्यावर तेराव्या शतकातले मोठे चर्च. इथला खडक चुनखडीचा, पिवळसर पांढरा आणि मऊ. आपल्या जांभ्यासारखा तो अवजाराने कापता येतो. पूर्वीच्या लोकांनी डोंगराच्या पोटात खोली कोरली आणि कोरताना निघालेल्या दगडाचे चिरे करून पुढे भिंत आणि कमान बांधली. म्हणजे मागचे अर्धे घर कोरीव, पुढचे अर्धे बांधीव. उतार असा, की खालच्या घराचे छप्पर तोच वरच्या आळीचा रस्ता. एखाद्या कठड्याशी उभे राहून आपण फोटो काढतो, तेव्हा बहुधा कोणाच्या तरी डोक्यावर उभे असतो.

मी पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. अधाशासारखे पन्नास-साठ फोटो काढले. जुन्या घरांतल्या बऱ्याच खोल्या आता पाहुण्यांना भाड्याने देतात. तशाच एका खोलीत मी उतरलो होतो. संध्याकाळी त्या घराचा मालक आणि त्याचे ऐंशीच्या घरातले वडील अंगणात बसले होते. मालकाला इंग्रजी येत होते. तो सांगे तसे मला समजत होते. मी शेतीखात्यातला आहे म्हटल्यावर आजोबांनी खुर्ची जवळ ओढली. माझे फोटो पाहायला मागितले. सगळे पाहून झाल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “यात पाणी कुठे आहे? आणि खेचर कुठे बांधत होतो ते कुठे आहे?”

मला उत्तर देता आले नाही. मी कमानी, जिने आणि कुंड्यांतली फुले तेवढी टिपली होती.

आजोबा मग मला अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे दगडात कोरलेले एक तोंड होते. खाली पावसाच्या पाण्याची टाकी. छपरावर आणि आळीत पडलेले पाणी चरांतून तिच्यात येई. या अंगणाभोवती पाच-सहा घरे होती आणि त्या सगळ्यांची ही टाकी एक होती, असे त्यांनी सांगितले. गावाच्या वरच्या चौकाखाली तर एक प्रचंड टाके आहे. त्याचे नाव पालोम्बारो लुंगो. आत उतरून मी ते पाहिले. सुमारे पन्नास लाख लिटर पाणी मावेल एवढे ते मोठे आहे. आपण ३० बाय ३० बाय ३ मीटरचे शेततळे घेतो, त्यात बावीस लाख लिटरच्या आसपास पाणी बसते. म्हणजे अशी दोन तळी भरून वर उरेल एवढे पाणी त्या लोकांनी खडकाच्या पोटात साठवले होते. विसाव्या शतकात नळ आल्यावर त्याचा उपयोग संपला. पुढे लोक ते विसरूनही गेले होते. १९९१ मध्ये ते पुन्हा उजेडात आले.

दुसरा प्रश्न खेचराचा. गावात एक जुने घर पूर्वी होते तसे मांडून ठेवले आहे. ते पाहिल्यावर खेचराचा उलगडा झाला. खोली एकच. पुढे चूल आणि मधोमध एक लहानसे जेवणाचे मेज, त्यावर एकच मोठे भांडे. सारे घर त्याच भांड्यातून जेवत असे. पलंग चांगला कमरेएवढा उंच. गादीत मक्याच्या कणसांची साले भरलेली. उंची अशासाठी, की जमिनीची ओल लागू नये आणि खाली कोंबड्या राहाव्यात. कपाटाचा ओढायचा खण उघडला की त्यात तान्हे मूल निजे. आणि सगळ्यात आत, खडकाच्या पोटात, खेचराची गव्हाण. शेजारी शेणाचा खड्डा. शेते लांब होती, पहाटे अंधारात निघावे लागे. खेचर म्हणजे घरातले सगळ्यात मोलाचे धन. ते बाहेर कोण बांधणार? शिवाय थंडीत त्याच्या अंगाची ऊब घराला मिळे.

माझ्या बरोबरचे एक परदेशी जोडपे हे पाहून नाकाला रुमाल लावत होते. घर तर झाडून लखलखीत ठेवलेले होते. वास कसलाच नव्हता. मी मात्र ओळखीच्या घरी आल्यासारखा उभा होतो. मावळात, भोरच्या डोंगरात, ओसरीच्या एका अंगाला बैलांची दावण आणि दुसऱ्या अंगाला माणसांची पथारी असलेली घरे मी नोकरीत शेकड्यांनी पाहिली आहेत.

पण मंडळी, या घरांचे गोडवे गाऊन चालणार नाही. त्या एका खोलीत सात-आठ माणसे राहत. हवेला वाट नाही, सांडपाण्याला वाट नाही. हिवताप होता, डोळ्यांचे रोग होते, लहान मुले फार दगावत. कार्लो लेव्ही नावाच्या डॉक्टर-चित्रकाराला १९३५ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने या मुलखात नजरकैदेत धाडले होते. त्याने पुढे १९४५ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याच्या बहिणीने पाहिलेल्या मातेराचे वर्णन आहे. तिच्या मागे धावणारी मुले पैसे मागत नव्हती, क्विनाईन मागत होती. देश हादरला. पुढारी येऊन पाहून गेले. १९५० मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी स्वतः आले. मातेराला ‘देशाची लाज’ म्हटले जाऊ लागले. छायाचित्रकारही आले. त्यांत १९५१ च्या सुमारास आंरी कार्तिए-ब्रेसाँ होते. आपल्या गांधीजींना त्यांच्या शेवटच्या दिवशी भेटून पुढे त्यांच्या अंत्ययात्रेची छायाचित्रे ज्यांनी जगाला दाखवली, तेच हे.

१९५२ मध्ये कायदा झाला. सास्सीत तेव्हा सुमारे पंधरा हजार माणसे होती. त्यांतली बहुतेक पुढच्या काही वर्षांत नव्या वसाहतींत हलवली गेली. शेतकरी कुटुंबांसाठी ला मार्तेल्ला नावाचे वेगळे गावच वसवले. तिथे माणसांना घर आणि जनावरांना स्वतंत्र गोठा होता. रिकामी घरे विटा लावून बंद केली. ती तशीच कित्येक वर्षे पडून राहिली. मग वारे फिरले. १९८६ मध्ये ही घरे सावरण्यासाठी कायदा झाला. १९९३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवले. आता त्याच खोल्यांत पाहुणे पैसे मोजून झोपतात. मीही झोपलो.

आजोबा त्या हलवलेल्या मुलांपैकी एक. तेव्हा ते दहा वर्षांचे होते. मी त्यांना विचारले, “लोक फोटो काढायला येत, तेव्हा घरात काय होत असे?”

ते म्हणाले, “आई भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. तिला कोणी विचारलं नाही, की काढू का म्हणून.” थोडे थांबून पुढे म्हणाले, “त्या फोटोंमुळे आम्हाला घर मिळालं, हे खरं आहे. खिडकी मिळाली, नळ मिळाला. माझ्या पाठची दोन भावंडं या खोलीत गेली. नव्या घरात झालेली बहीण जगली. ते फोटो काढायला नको होते, असं मी म्हणणार नाही. पण शाळेत पत्ता विचारला, की मी खोटा सांगायचो.”

मुलगा हे आम्हाला समजावून सांगत होता. सांगता सांगता तोही गप्प झाला. हे त्यालाही नवे असावे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मंडळी, हाच अपराध माझ्या नावावर आहे.

१९९८ सालची गोष्ट. मी एका डोंगराळ तालुक्यात होतो. गोठा आणि गोबरगॅससाठी एका शेतकऱ्याचा प्रस्ताव करायचा होता. प्रस्तावाला ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो लागत. छत्तीस फोटोंचा रोल असलेला कॅमेरा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. काळ्या दगडाचे, मातीच्या गिलाव्याचे घर. आत दोन बैल, धूर, आणि चुलीशी बसलेली घरची बाई. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि बटण दाबले. एका शब्दानेही विचारले नाही. प्रस्ताव मंजूर झाला, गोठा झाला, गॅस पेटला. इथपर्यंत ठीक होते. पण पुढे तालुक्याच्या प्रदर्शनात मी तोच फोटो मोठा करून लावला आणि खाली माझ्या हाताने लिहिले, ‘सुधारणेपूर्वीचे अस्वच्छ घर’. प्रदर्शनाला त्या वहिनी आल्या होत्या. फोटोसमोर क्षणभर थांबल्या, पदर ओढून घेतला आणि निघून गेल्या. त्यांचे यजमान मागे राहिले. एवढेच म्हणाले, “सायेब, आमचं घर फळ्यावर टांगलंत.” मी फोटो काढून घेतला. पण पाहायचे त्यांनी पाहून घेतलेच होते.

पहाटे साडेचारला उठलो. मालकाने आदल्या दिवशीच सांगितले होते, की सास्सीचा खरा फोटो दरीपलीकडच्या माळावरून, सूर्य उगवताना. त्याने गाडीने नेऊन सोडले. तिकडून पाहिले तर गाव आपल्या समोर पश्चिमेला आणि सूर्य आपल्या पाठीशी. ऊन तिरपे आले तशी एकेका दारावर, एकेका पायरीवर सावली उमटली आणि ढिगासारखे दिसणारे गाव घराघराने वेगळे दिसू लागले. आदल्या दिवशीच्या बाराच्या उन्हात तेच गाव पीठ सांडल्यासारखे सपाट पांढरे आले होते.

परत आल्यावर मी आजोबांना विचारले, “तुमचा फोटो काढू का? आणि कुठे काढू, ते तुम्हीच सांगा.” ते टाकीच्या तोंडाशी जाऊन बसले. त्या दगडाच्या काठाला बादलीच्या दोरांनी बोट मावेल एवढे चर पडले होते. आजोबांनी त्यातल्या एका चरात बोट ठेवले आणि म्हणाले, “हा आईचा.” तो फोटो मी या अंकासाठी पाठवलेला नाही. तो त्यांच्या घरचा आहे. एक प्रत त्यांना पाठवली, एक माझ्याकडे आहे.

गेल्या दिवाळीत जुन्या फायलीतला तो १९९८ चा फोटो घेऊन मी त्या डोंगरातल्या घरी गेलो. यजमान आता नाहीत. वहिनींचे केस पांढरे झाले आहेत. अंगणात नव्या स्लॅबच्या घराचे पिलर उभे होते. मी फोटो पुढे ठेवला आणि म्हणालो, “वहिनी, तेव्हा माझं चुकलं.”

त्यांनी फोटो हातात घेऊन नीट पाहिला. म्हणाल्या, “चुकलंच तुमचं. गोठा झाला, गॅस झाला, डोळ्यातला धूर गेला, ते काय मी नाकारत न्हाई. पन दोन वर्सं मी तालुक्याच्या बाजाराला गेले न्हाई.” मग फोटोतल्या बैलांवर बोट ठेवून नातवाला त्यांची नावे सांगू लागल्या. जरा वेळाने म्हणाल्या, “आता काढा. पुढच्या म्हयन्यात हे पाडनार हायेत. पन मी सांगीन तेच काढायचं.”

त्यांनी लुगडे बदलले. मग दावणीचा खुंटा, जात्याची जागा, गाडगी ठेवायचा कोनाडा आणि त्यांच्या सासऱ्यांनी स्वतः घडवलेला उंबऱ्याचा दगड असे एकेक दाखवत गेल्या. चुलीपाशी मात्र त्यांनी मला थांबवले. “ही नगं,” म्हणाल्या. मी काढली नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी येत्या उन्हाळ्यात जुने घर उतरवून नवे उभे राहणार असेल. ते जरूर बांधा. खिडक्या मोठ्या ठेवा, गोठा वेगळा करा. पण जुने घर उतरवण्याआधी एक दिवस फोटोंसाठी काढा. आता घरोघरी मोबाईल आहे, रोलचा खर्च नाही. मी शिकलो त्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट उन्हाची. सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर, ऊन भिंतीवर तिरपे पडत असताना फोटो काढा. तिरप्या उन्हात दगडाची घडाई, टाकीचे घाव दिसतात. घराचे तोंड पूर्वेला असेल तर सकाळ, पश्चिमेला असेल तर संध्याकाळ.

दुसरी गोष्ट, भिंत उजळ आणि दार काळोखे असले, की मोबाईल गोंधळतो आणि भिंत पांढरीफटक येते. अशा वेळी पडद्यावर भिंतीच्या जागी बोट टेकवा आणि उजेड थोडा कमी करा. आतला फोटो घेताना दाराकडे पाठ करून उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा आणि हात चौकटीला टेकवा. मोबाईल सरळ धरा. वर कलता धरला की भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात.

तिसरी गोष्ट, घर कसे चालत होते ते टिपा. पाणी कुठून येई, दाणे कुठे ठेवत, जनावर कुठे बांधत, चिरा कुठल्या खाणीचा, माळवदाला लाकूड कोणते. नुसता दर्शनी भाग काढला तर माझ्या पहिल्या दिवशीच्या पन्नास फोटोंसारखी गत होईल. फोटोत घरचे माणूस उभे करा. त्याने दाराची उंची कळते आणि घर कोणाचे तेही कळते.

चौथी गोष्ट माझ्यासारख्या सरकारी माणसाने आधी शिकायला हवी होती. दुसऱ्याच्या घराचा फोटो घेण्यापूर्वी विचारा, आणि विचारायचे ते घरच्या बाईला. ती नको म्हणाली तर मोबाईल खिशात ठेवा. आणि फोटोखाली काय लिहायचे तेही तिलाच विचारा. फोटोच्या दोन-तीन प्रती कागदावर छापून घ्या. मागे पेन्सिलीने तारीख, गाव आणि माणसांची नावे लिहा. मोबाईल बिघडतो, पेटीतला कागद टिकतो.

वहिनींच्या उंबऱ्याच्या फोटोमागे काय लिहू, असे मी त्यांना विचारले होते. त्यांनी सासऱ्यांचे नाव सांगितले, सुनेचे नाव सांगितले, दोन्ही बैलांची नावे लिहायला लावली आणि मग म्हणाल्या, “आनि लिवा, घर रोज सारवलेलं असायचं.” तसे लिहिले आहे.

तो उंबऱ्याचा दगड मुलाने नव्या घराच्या पायरीला बसवला आहे. परवाच त्याचा फोटो आला.

पुढच्या अंकी उन्हाळी भुईमुगाच्या आंतरमशागतीविषयी बोलू.